वस्ती नसलेल्या गावाचा दिवा

दुबईत आधी नकाशा होतो आणि जमीन मागाहून तयार होते. माझी उमेदीची वर्षं तिथे नकाशे काढण्यात गेली, म्हणून हे खात्रीने सांगते. एकदा एक हॉटेलवाला आमच्या ऑफिसात आला आणि त्याच्या प्लॉटच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, समुद्र जरा अलीकडे घ्या ना." मी हसले. समुद्र जिथे आहे तिथेच दाखवावा लागतो, असं त्याला ऐकवलं. चार-पाच वर्षांत खोदाईयंत्रं आली आणि समुद्र खरंच त्याच्या दारात आणून ठेवला. पुढे जुमेरा लेक टॉवर्सच्या जागी नुसता रेताड माळ असताना आमच्याकडे त्याचे नकाशे आले, तेव्हा मी निमूटपणे त्या वाळूत निळी तळी रंगवली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "तळं कुठंय?" म्हटलं, "येईल, इन्शाल्ला." आलं.

पण जमिनीने नकाशाच्या मागे धावायचं, ही खोड काही दुबईवाल्यांची नाही. ती इंग्रज लावून गेले. ते मला कळलं डोंगरातल्या एका विजेच्या दिव्यामुळे आणि त्या दिव्याखाली रवंथ करत बसलेल्या शेळ्यांमुळे.

मी मूळची पुण्याची. ड्राफ्ट्समनचा कोर्स करून एका नकाशा कार्यालयात ट्रेसर म्हणून लागले. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे ट्रेसरचं काम. आमचे हेड ट्रेसर म्हणायचे, "डोळ्यांना दिसतं ते काढा, डोक्याला पटतं ते नको." लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी दुबईला आले. करामा भागात बिऱ्हाड थाटलं, मुलगा शाळेत जायला लागला आणि मी देऱ्यातल्या एका सर्व्हे कन्सल्टन्सीत कामाला लागले. तिथे शाईच्या जागी कॉम्प्युटर होता, एवढाच फरक. टेबलाएवढ्या पाटीवर जुना नकाशा चिकटवायचा, हातातलं यंत्र रेषेवरून फिरवत बटण दाबत जायचं की ती रेघ पडद्यावर उमटते. डोक्याला पटतं ते काढायची सोय तिथेही नव्हती.

आमचे साहेब विल्कॉक्स. ब्रिटिश सैन्याच्या नकाशा विभागातून निवृत्त झालेले. दुबईच्या उन्हाळ्यातसुद्धा गुडघ्यापर्यंत मोजे. माणूस सज्जन, पण नकाशापुढे त्यांना माणूस दिसत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डोंगराकडच्या एका अमिरातीचं काम आमच्याकडे आलं. इंग्रजांनी काढलेली जुनी शीटं कॉम्प्युटरवर चढवायची, मग त्यावरून रस्ते, पाणी, वीज यांचं नियोजन होणार. ती शीटं कशी झाली होती हे थोडं सांगायला हवं. शंभर-सव्वाशे वर्षं इंग्रजांना या मुलखाचा फक्त किनारा हवा होता. जहाजं बुडू नयेत म्हणून समुद्राची खोली त्यांनी हात न् हात मोजली आणि आतल्या वाळवंटाच्या जागी कागद कोरा ठेवला. मग तेलाचा वास आला. साम्राज्य आवरायची वेळ झालेली आणि यांना अचानक आतला मुलूख मोजायची घाई. वरून विमानाने फोटो काढले. खाली सर्व्हेची पार्टी पाठवून काही ठिकाणं दुर्बिणीने पक्की मोजली. मग दूर विलायतेत बसलेल्या माणसांनी, ज्यांनी उंट फक्त प्राणिसंग्रहालयात पाहिला होता, त्या फोटोंवरून डोंगर, वाटा, गावं काढली. शेवटी एक अधिकारी गाढवावरून हिंडून गावांची नावं विचारून गेला. कुठलं गाव कुठल्या शेखचं, हेही असंच विचारत विचारत ठरलं. त्यामुळे तिकडच्या हद्दी अशा पडल्या आहेत की एखाद्या खजुराच्या झाडाचं खोड एका अमिरातीत आणि सावली दुसरीत.

आमच्या कंत्राटात एक कलम होतं. जुन्या शीटवर जे आहे ते सगळं नव्या नकाशात आलं पाहिजे, जे नाही ते काहीही येता कामा नये. नवीन गोष्टींची भर दुसऱ्या टप्प्यात. हा दुसरा टप्पा मी नोकरी सोडेपर्यंत आला नाही.

अशात एका गुरुवारी हाजी सालेम ऑफिसात उगवले. उंच, वाळकुडे, पांढरी दाढी, हातात डोंगरी मधाची बाटली. रिसेप्शनच्या मुलीला त्यांचं बोलणं कळेना, म्हणून तिने मला बोलावलं. मी अरबीत चाचपडत "अहलन" म्हटलं, तर हाजी खणखणीत हिंदीत म्हणाले, "इधर आओ! बैठो! सीधा देखो!"

मी घाबरून बसलेच. मग लक्षात आलं की त्यांचं सगळं हिंदी हुकुमांचंच आहे. विनंतीसुद्धा ते दरडावूनच करत, कारण दुसरी क्रियापदं त्यांना येतच नव्हती. "कागज लाओ! हमारा गाव दिखाओ!"

मी शीट काढून दाखवलं. त्यांचं गाव खुदैरा. डोंगराच्या कुशीतली दगडी घरं, खजुराची बाग आणि फलज, म्हणजे डोंगरातून दगडी पाटाने आणलेलं पाणी. फलज शीटवर होता, बाग होती, घरं मात्र नव्हती. दगडी घरं दगडी डोंगरात वरून दिसली नसावीत. खोऱ्यापलीकडच्या उघड्या माळावर मात्र ठसठशीत अक्षरांत एक गाव होतं, सैह अल् हुनूद. सैह म्हणजे माळ आणि हुनूद म्हणजे आपण, हिंदी लोक. हिंदी लोकांचा माळ. गावात घरांची ओळ, मशिदीची खूण आणि विहिरीची खूण.

"ये गाव नहीं," हाजी म्हणाले. "इधर आदमी नहीं. बिजली इधर गया."

म्हणजे प्रकार असा होता. वीज खात्याने नकाशातल्या प्रत्येक गावाला खांब टाकले होते. सैह अल् हुनूदला ट्रान्सफॉर्मर मिळाला, दिवा मिळाला, पाण्याचा टँकरही आठवड्याला येऊ लागला. खुदैराला काही नाही, कारण खुदैरा नव्हतंच. हाजींचा जुना जनरेटर धापा टाकत चाले आणि उन्हाळ्यात बंद पडे. तिघा मुलांनी स्पष्ट सांगितलं होतं की या वर्षी वीज आली नाही तर आम्ही बायकापोरं घेऊन अजमानला फ्लॅट बघतो. मुलं गेली की गाव संपलं. हाजींना एवढंच हवं होतं की मी त्यांचं गाव नकाशावर घ्यावं. त्यांना वाटे, एक बटण तर दाबायचं.

रात्री जेवताना मी घरी सांगितलं. मुलगा टीव्हीवरून मान न वळवता म्हणाला, "जस्ट मूव्ह इट ना आई! व्हॉट्स द बिग डील?" नवरा म्हणाला, "याला म्हणतात बाबा कंत्राट. तुला कळायला अवकाश आहे."

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या परवानगीने मी जागा बघायला गेले. गाडी चालवायला शफीक. तो पेशावरचा, पण दुबईत इतकी वर्षं राहिलेला की त्याची अरबी ऐकून अरबही चाट पडत. डांबरी रस्ता संपला, दगडगोटे संपले, आणि माळावर तो दिवा दिसला. भर दुपारी जळत होता. बंद करायला गावात कोणी नव्हतंच. खांबाच्या बारीकशा सावलीत हाजींच्या शेळ्या एकामागे एक ओळीने बसल्या होत्या. टँकरवाला आला होता. त्याला पावतीवर गावकऱ्याची सही हवी होती, ती हाजींनी ठोकली आणि पाणी शेळ्यांनी प्यायलं.

शफीक मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. म्हणाला, "बाजी, मेरे गाँव में बंदे हैं, बिजली नहीं. इधर बिजली है, बंदा नहीं. दोनों को मिला दो, खलास."

मी माळावर फिरून बघत होते. हाजी उंच दगडावर उभे राहून मला वाट दाखवत होते. "आगे! आगे! थोडा दाहिना! बस!" आणि मग एकदम, "जरा डावीकडं! अजून! अजून थोडं! हां, थांब!"

मी जागच्या जागी थांबले. अरबस्तानच्या डोंगरात एक अरब म्हातारा मला मराठीत हाका मारत होता. पुण्याला फील्ड ट्रेनिंगमध्ये मी हे शब्द याच तालावर ऐकले होते. दुर्बिणीपाशी उभा असलेला माणूस लांबवर झेंडी धरलेल्या खलाशाला, म्हणजे सर्व्हेच्या मदतनिसाला, असंच ओरडतो.

"हाजी, ये किसने सिखाया?"

मग कॉफी झाली आणि शफीकला दुभाष्या करून सगळा उलगडा झाला. हाजी ऐन पंचविशीत असताना इंग्रजांच्या सर्व्हे पार्टीचा तळ याच माळावर पडला होता. साहेब दोन आणि खलाशी मुंबई-कराचीकडून आणलेले. त्यात काही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. आपल्याकडचं साम्राज्य गेलं तरी खलाशी अजून त्यांच्याच झेंड्या धरत होते. हाजी गाढवावरून तळावर पाणी पोचवायचे आणि गरज पडली की झेंडीही धरायचे. त्यांची सगळी भाषा त्या तळावरची. नमाजासाठी खलाशांनी जमिनीवर मक्केच्या दिशेने दगडांची कमान मांडली, वाळवंटात मांडतात तशी. विमान नेमकं त्याच दिवसांत वरून गेलं आणि फोटोत तंबूंची ओळ आली. विलायतेत ती घरं झाली. दगडांची कमान मशीद झाली. नंतर नावं विचारणारा अधिकारी आला, त्याने माळाचं नाव विचारलं, तेव्हा लोक जे म्हणत असत ते त्यांनी खरं खरं सांगितलं. हिंदी लोकांचा माळ.

"और कुआँ?" मी विचारलं. शीटवर विहिरीची खूण होती.

हाजी एका बुजलेल्या खड्ड्यापाशी घेऊन गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, "साब का संडास."

मी ऑफिसात आल्या आल्या विमानाच्या फोटोंची पेटी उघडली. दोन फोटो शेजारी ठेवून विशिष्ट चष्म्यातून पाहिले की जमीन उठून उभी राहते. उभी राहिली ती तंबूंची ओळ, पट्टी धरून आखल्यासारखी. गाव कधी असं ओळीत वसतं का? मी साहेबांना बोलावलं. ते वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"तो तिसरा आहे ना, तो मेसचा तंबू," साहेब हळूच म्हणाले. "मेस कायम तिसरा. स्वयंपाकाचा धूर साहेबाच्या तंबूत जायला नको म्हणून." तरुणपणी ते स्वतः असल्याच तळांवर राहिले होते.

"म्हणजे सर, हे गाव नाही."

"अर्थातच नाही."

"मग काढून टाकू? आणि खुदैरा घेऊ?"

ते ताठ झाले. "मिसेस दळवी, गाव चुकीच्या जागी असू शकतं. शीट नाही. शीटवर सह्या झाल्या आहेत."

मी वाद घातला. आवाज चढवून घातला, हे कबूल करायला हरकत नाही. त्यांनी शांतपणे कंत्राट काढून कलमावर बोट ठेवलं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चूक नव्हतं. ट्रेसर आपल्या मनाने गावं हलवायला लागला तर उद्या प्रत्येक हॉटेलवाला समुद्र अलीकडे घेईल.

त्यानंतर हाजी दर गुरुवारी येऊ लागले. मध आणायचे, दरडावून ख्यालीखुशाली विचारायचे आणि निघताना विचारायचे, "हमारा गाव?" मी म्हणायची, "दुसऱ्या टप्प्यात, इन्शाल्ला." ते "इन्शाल्ला" म्हणायचे. आम्हा दोघांनाही त्या शब्दाचा तिथला अर्थ चांगला ठाऊक होता.

संकट आलं ते वेगळ्याच दिशेने. वीज खात्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की सैह अल् हुनूदचा मीटर दिव्यापुरताच फिरतो. आख्खं गाव वीज का वापरत नाही, हे तपासायला समिती नेमली गेली. साहेबांचा चेहरा उतरला. गाव नाही असं सिद्ध झालं तर आख्खा नकाशा संशयात आणि कंत्राट धोक्यात. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "समिती येईल त्या दिवशी तिथे वस्ती असणं सगळ्यांच्याच हिताचं आहे," एवढं म्हणाले आणि पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले.

मी बाहेर येऊन शफीकला सांगितलं. शफीक म्हणाला, "बाजी, मैंने तो पहले दिन ही बोला था."

समिती यायच्या दिवशी माळावर तंबूंची ओळ उभी होती. पंचविशीत पाहिलेली रचना हाजींच्या नजरेत पक्की बसली होती. मेसचा तंबू तिसरा. खुदैरातली बायकापोरं, गालिचे, कॉफीच्या किटल्या, कप, जनरेटरवर न चालणारा फ्रिज, सगळं खोऱ्यापलीकडून वाहून आणलेलं. शेळ्या आधीपासूनच होत्या. हाजी दगडावर उभे राहून मुलांना ओरडत होते, "रस्सी खेंचो! जरा डावीकडं!" मुलं न समजताही बरोबर डावीकडे सरकत होती, याचा अर्थ लहानपणापासून त्यांना हाच हुकूम मिळत आला होता.

समितीत एक तरुण स्थानिक इंजिनियर, अमेरिकेत शिकलेला, गंभीर. मी नकाशा करणाऱ्या आमच्या कंपनीतर्फे हजर होते. तो विचारत होता ते शफीक माझ्या कानात सांगत होता.

"इथे किती जण राहतात?"

"आज? सगळे," हाजी म्हणाले.

"मग वीज का वापरत नाही?"

"आम्ही लवकर झोपतो."

इंजिनियरने नकाशा उलगडला, खुणा ताडून पाहत खड्ड्यापाशी गेला. "ही विहीर ना? पाणी आटलं वाटतं."

"इंग्रज गेले आणि आटली," हाजी म्हणाले.

शफीकने हे माझ्या कानात सांगितलं आणि मी खोकल्याचं निमित्त करून गाडीमागे गेले.

परत आले तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. इंजिनियर आणि हाजी खलाशांनी मांडलेल्या दगडांच्या कमानीपुढे शेजारी शेजारी उभे होते. इंजिनियरने आधी आपल्या गाडीतल्या होकायंत्रावर दिशा तपासली. तंतोतंत होती. सर्व्हेवाल्या माणसांनी मांडलेली, चुकेल कशी? त्या सगळ्या गावात खरी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

जाताना इंजिनियर फार हळवा झाला होता. इतकी वर्षं इथले लोक तंबूत राहतात आणि कोणी दखल घेतली नाही, असं म्हणाला. त्याने तिथल्या तिथे शिफारस लिहिली की सैह अल् हुनूदच्या प्रत्येक कुटुंबाला सरकारी घर बांधून द्यावं. त्याच जागी.

हाजींची मुलं आनंदाने एकमेकांना मिठ्या मारू लागली. सुना तंबूतून बाहेर आल्या. साहेबांना मी फोन केला, तर त्यांनी फोनवरच "स्प्लेंडिड!" म्हणून टाळी वाजवली. हाजी मात्र खोऱ्यापलीकडे आपल्या खजुरांकडे बघत उभे राहिले. त्यांना वीज इकडून तिकडे न्यायची होती. गाव तिकडून इकडे आणायचं नव्हतं. मी जवळ गेले, तर त्यांनी एवढंच म्हटलं, "बस. हो गया." मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. मुलं राहिली, हे मात्र झालं.

घरं व्हायला दोन-तीन वर्षं गेली. डांबरी रस्ता आला. खरी मशीद बांधली, त्याच कमानीच्या रेषेत. साहेबाच्या संडासाच्या जागी पाण्याची टाकी. शाळेच्या बसला थांबा मिळाला. आता कोणीही जाऊन बघा, शीटवर आहे तसंच्या तसं गाव माळावर उभं आहे, घरंसुद्धा एका ओळीत. विल्कॉक्स साहेब नवीन आलेल्या प्रत्येक इंजिनियरला ते शीट दाखवत आणि म्हणत, "अचूकता म्हणजे काय, ते इथे बघा."

सरकारदरबारी खुदैराची सगळी माणसं सैह अल् हुनूदची झाली. हाजींच्या नावावरही एक घर निघालं. ते तिथे राहिले नाहीत. फलजचं पाणी वळवायला कोणीतरी हवं, म्हणून ते शेळ्या घेऊन परत जुन्या घरात गेले आणि एकटेच राहू लागले. कागदावर मात्र खुदैरा रिकामं झालं.

मग मला कंत्राटातलं आणखी एक कलम सापडलं. इंग्रजांना पडक्या गोष्टींचं भारी प्रेम. पुराण्या जागा आणि ओसाड झालेल्या वस्त्या नकाशात केव्हाही भरता येतील, त्यासाठी दुसऱ्या टप्प्याची गरज नाही, असं त्यात होतं. मी अर्ज टाकला. साहेबांनी वाचला, विचारलं, "कोणी राहत नाही ना?" म्हटलं, "रेकॉर्डप्रमाणे कोणी नाही." त्यांनी सही केली. मी पडद्यावर बागेच्या कडेला ओसाड वस्तीची खूण टाकली, तुटक रेघांचे चार चौकोन, आणि शेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, खुदैरा.

त्या शुक्रवारी आम्ही घरचे सगळे तिकडे गेलो. मोठा नवीन रस्ता सैह अल् हुनूदला संपत होता, पुढे पायी. हाजी फलजच्या काठाला बसले होते. मी नव्या नकाशाची प्रत त्यांच्यापुढे पसरली. त्यांनी नाव शोधलं, त्यावरून बोट फिरवलं आणि परत फिरवलं.

"ये हमारा घर?" त्यांनी चौकोनांवर बोट ठेवलं. "ये टूटा-टूटा लाइन क्यों?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. म्हटलं, "हाजी, इसका मतलब पडका गाव. यहाँ कोई नहीं रहता."

हाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी शेळ्यांकडे पाहिलं, चुलीवरच्या किटलीकडे पाहिलं आणि असे हसले की दाढी हलली. माझ्या मुलाला हाताला धरून बसवलं, त्याच्या हातात कॉफीचा कप दिला.

"साब को बोलो," ते म्हणाले, "टूटा गाव बुलाता. कॉफी पियो. जल्दी आओ!"

शनिवारी ऑफिस उघडलं तसा मी साहेबांना निरोप जसाच्या तसा दिला. त्यांनी शब्दकोड्यावरून मान वर केली.

"जागा नकाशावर आहे?"

"आहे सर. आता आहे."

"मग येतो," साहेब म्हणाले.